माशाच्या वरची दोन अक्षरं

परवा रोममध्ये गाइडला टोकलं आणि घरी येईपर्यंत स्वतःलाच हसत होते.

सॅन कॅलिस्टोच्या कॅटॅकोम्बमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या दफनभूमीत, फोटो काढायला मनाई. मोबाइल पर्समध्ये, कान गाइडकडे. त्याने सांगितलं, रोमन राजवटीत ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात एक ख्रिस्ती वाळूत कमान ओढायचा, समोरचा दुसरी ओढून मासा पुरा करायचा, ओळख पटायची. मी म्हटलं, हे त्या काळच्या कुणी लिहून ठेवलंय का? तो म्हणाला, "सिन्योरा, गोष्ट छान आहे ना?"

छानच आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती ऐकून आम्हीही अर्नाळ्याच्या वाळूत अर्धे मासे काढत फिरलोय! पण तसा पुरावा नाही, आणि खरी गोष्ट काही कमी नाही. ग्रीकमध्ये मासा म्हणजे 'इख्थिस'. त्याची पाच अक्षरं म्हणजे पाच शब्दांची आद्याक्षरं: येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा. कार्थेजचा जुना ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन तर बाप्तिस्म्याबद्दल, म्हणजे ख्रिस्ती होतानाच्या पाण्याच्या संस्काराबद्दल, लिहिताना म्हणतो, आपण छोटे मासे, आपल्या 'इख्थिस'सारखे पाण्यातच जन्मतो. वसईकराला हे वेगळं समजवायला नको.

मला हलवलं ते मात्र टर्मिनी स्टेशनासमोरच्या डायोक्लेशनच्या स्नानगृहांतल्या संग्रहालयात. लिसिनिया आमियास नावाच्या बाईचा थडग्याचा दगड, साधारण तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. जहाजाचा नांगर, दोन बाजूंना दोन मासे, वर ग्रीकमध्ये 'जिवंतांचा मासा'. आणि त्याच्याही वर, सगळ्यात आधी, लॅटिन डी आणि एम. 'दिइस मानिबुस': मृतात्म्यांच्या देवांना अर्पण. रोमन थडग्यांवरचा हा जुना रिवाज, आपल्या पत्रिकेवरच्या 'श्री'सारखा. ख्रिस्ती झाल्या, मासा कोरला, पण घरची रीत कुणी खोडली नाही. मी तिथे इतकी रेंगाळले की पहारेकरी दोनदा डोकावून गेला.

कारण सांगते. ऑफिसातल्या एका इटालियन सहकाऱ्याला मी लग्नाचे फोटो दाखवले होते. विहिरीवरून वाजतगाजत आणलेलं उंबराचं पाणी, म्हणजे आमच्या वसईच्या ख्रिस्ती लग्नातलं नवरानवरीच्या अंघोळीचं पाणी, पाहून तो म्हणाला, "पण हे ख्रिस्ती नाही ना?" तेव्हा मी "आमच्याकडे असतं" एवढंच पुटपुटले होते. वर त्याने विचारलं, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? जणू त्याचे पूर्वज पहिल्या दिवसापासून चर्चमध्ये मिस्सेलाच बसले होते.

संग्रहालयात फोटोला मनाई नव्हती. दगडाचा फोटो काढला, दोन अक्षरांभोवती लाल गोल केला आणि त्याला पाठवला.

त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा!