देवाचं अनुकरण करा म्हणजे नक्की काय करा?

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय सुरूच असा होतो की प्रिय मुलांसारखं देवाचं अनुकरण करा. संडे स्कूलपासून ऐकत आलोय, तोंडपाठ आहे, पण शांतपणे बसून वाचलं ना तर हे वचन जरा घाबरवणारंच आहे. ज्याने आकाश आणि पृथ्वी केली त्याचं अनुकरण मी करायचं? मला अलार्म वाजल्यावर वेळेत उठता येत नाही.

आणि गंमत बघा, देवासारखं व्हायची पहिली ऑफर शास्त्रात सापाने दिलीय. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात तो हव्वेला तेच सांगतो, फळ खा, देवासारखे व्हाल. मग तिथे जे पाप ठरलं ते इफिसकरांस पत्र लिहिणारा पौल इथे करायला का सांगतोय? मला वाटतं सगळा फरक दिशेचा आहे. एदेन बागेत माणसाला वर चढायचं होतं, देवाच्या जागेवर बसायचं होतं. आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्त देवाच्या स्वरूपात असून त्या बरोबरीला धरून बसला नाही, खाली आला, दासाचं रूप घेतलं. म्हणजे अनुकरण करायचं तर त्या खाली येण्याचं. आपण मात्र बऱ्याचदा उलटंच उचलतो. रागावर कोणी बोललं की लगेच प्रभू येशूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलताना घेतलेला चाबूक आठवतो, प्रभूनेही नाही का टेबलं उलथली म्हणून. तो चाबूक सगळ्यांना पाठ, आणि टॉवेल कोणाच्या लक्षात नाही!

टॉवेल म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय. हा अध्याय मी सावकाश वाचतो कारण योहानाने एकेक हालचाल लिहून ठेवलीय. प्रभू जेवणावरून उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो, भांड्यात पाणी ओततो, शिष्यांचे पाय धुतो आणि त्याच कमरेच्या रुमालाने पुसतो. म्हणजे त्यांच्या पायांची ओल आणि मळ त्याच्या अंगावरच्या कापडात. हे नोकराचं काम, आणि लूक त्याच्या शुभवर्तमानात सांगतो त्याच संध्याकाळी शिष्यांचा वाद काय चालला होता तर आपल्यात मोठा कोण! आता यात प्रभूला धरून देणारा शिष्य यहूदा कुठे होता? तिथेच. तो उठून बाहेर जातो ते नंतर, तिसाव्या वचनात, त्यामुळे त्याचेही पाय धुतले गेलेच असणार, आणि हा आपल्याला धरून देणार हे प्रभूला आधीच माहीत होतं. एवढं झाल्यावर तो परत वस्त्रं घालून बसतो आणि म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, तो मी आहेच, आणि मी जसं तुम्हाला केलं तसं तुम्हीही करा. इथे खोटी नम्रता नाही, छे छे मी कोण असलं काही नाही, स्वतः कोण आहोत हे पक्कं माहीत असलेला माणूसच असा खाली वाकू शकतो असं मला वाटतं.

क्षमेचं मात्र अवघड जातं. मत्तय 18 मधला तो दाखला, राजाने ज्याला दहा हजार तालांत माफ केले तो बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत साधारण 6000 दिनारांचा, म्हणजे पहिलं कर्ज 6 कोटी दिवसांच्या मजुरीचं झालं. पण शंभर दिनार पण काही किरकोळ नाहीत हो, तीन महिन्यांच्या वर कमाई आहे ती! प्रचारात हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, प्रभू असं म्हणत नाही की तुझं नुकसान झालंच नाही, तो फक्त तुला काय माफ झालंय ते शेजारी ठेवून बघायला लावतो. माझे एका नातेवाईकाने घेतलेले पैसे कधीच परत आले नाहीत, त्याचा फोन आला की आजही माझा आवाज आपोआप सपाट होतो. मग मी काय करतो, तर सकाळच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेतो आणि त्याचं भलं मागतो. कधी मनापासून, कधी दात-ओठ खात. देव चांगल्यांवर आणि वाइटांवर आपला सूर्य उगवतो असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे, आणि सूर्य काही मूड बघून उगवत नाही. त्या नातेवाईकाला परत उसने द्यायचे का हा वेगळा प्रश्न आहे, माझं उत्तर सध्या तरी नाही असंच आहे.

काही गोष्टी देवाने आपल्याला कॉपी करायला दिलेल्याच नाहीत हे पण लक्षात ठेवायला हवं. सूड घेणं माझ्याकडे आहे असं तो रोमकरांस पत्रात स्पष्ट सांगतो. न्यायाची खुर्ची त्याची, तिच्यावर बसून बघायचा मोह मात्र आपल्या विश्वासणाऱ्यांनाच जास्त होतो.

आणि पाय धुण्याच्या त्या प्रसंगातला शिष्य पेत्र राहिलाच. तो म्हणतो माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत, मग ऐकतो की असं असेल तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, तर लगेच म्हणतो हात आणि डोकं पण धुवा, पेत्र म्हणजे पेत्रच. पण चर्चमध्ये असे खूप जण बघितलेत जे सगळ्यांसाठी धावतात आणि स्वतः आजारी पडले की कळवत सुद्धा नाहीत, कोणी मदतीला आलं की कशाला त्रास घेतलात म्हणून दारातूनच परत पाठवतात. त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की पुढच्या वेळी येऊ द्या त्यांना आत.