सात हातांचा ऑक्टोपस

आमची चिऊ चार वर्षांची. अंक घडाघडा म्हणते पण समोर वस्तू ठेवून मोज म्हटलं की घाई. म्हणून यात्रेतून समुद्रातल्या प्राण्यांचा एक चार्ट आणला, त्यातला ऑक्टोपस तिला असा काही आवडला की रोज संध्याकाळी एकेका पायावर बोट ठेवून मोजायची आणि शेवटच्याला बरोब्बर "आठ!" मी भाकरी थापता थापता स्वयंपाकघरातूनच "शाब्बास गं माझी माय" ओरडायचे. पंधरा दिवस असंच.

आता परभणीत बसून लेकराला ऑक्टोपस कुठं दाखवणार? तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे येलदरीचं धरण. पण आजीचं काही अडलं नाही. सासूबाईंनी चार्ट बघितला, मग देवघरातल्या तुळजाभवानीच्या फोटोकडं बघितलं अन् म्हणाल्या, "आपली आई बी अष्टभुजाच की. मग ह्याला पाय कशाला म्हणायलीस? हात म्हण." आणि गंमत म्हणजे शास्त्रज्ञ पण हातच म्हणतात.

मग एका रविवारी ह्यांच्या जुन्या मोज्यात कापूस कोंबून डोकं केलं, जुन्या साडीच्या काठाचे आठ हात शिवले (मी स्वतः दोनदा मोजून) आणि खाली टिकल्या चिकटवल्या, कारण ऑक्टोपसच्या हाताला खालून चिकटायच्या वाट्या असतात, आपण बाथरूमच्या टाइल्सला रबराचा हुक दाबून बसवतो ना तशा. जायंट पॅसिफिक जातीच्या मादीला एकेका हातावर २८० च्या आसपास, म्हणजे सगळ्या मिळून दोन हजारांच्या वर! आमचं टिकल्यांचं पाकीट सोळातच संपलं.

चिऊनं मोजलं. "नऊ."

म्हटलं परत मोज. परत नऊ. मी जरा चिडलेच, नीट मोज म्हटलं, आणि मग शेजारी बसून ऐकलं तर बाई पाच, सहा, आठ, नऊ करायल्यात! सात गायबच. मग चार्टवर आठ कसे यायचे रोज? उठून चार्ट मोजला. छापणाऱ्यानं हातच सात काढलेले. त्याची चूक आणि हिची चूक एकमेकीला झाकत होत्या आणि मी पंधरा दिवस शाब्बासकी देत होते 😀

सात बसवायला मग अंगठेच कामाला आले. दोन्ही अंगठे तळहातात दुमडले की चार न् चार बोटं, झाला ऑक्टोपस. एक बोट दुमडलं की सात, उघडलं की आठ. हे तिला इतकं पटलं की वरण-भात खाताना पण चालू.

पण सगळ्यात जास्त मजा शून्यानं आणली. "ह्याला हाडं किती?" एकपण नाही. तिनं मोज्याचा ऑक्टोपस सगळीकडून दाबून बघितला, स्वतःचं कोपर दाबलं, परत त्याला दाबलं. हृदयं तीन असतात म्हटल्यावर छातीवर तीन ठिकाणी हात ठेवून बघितला. दोन हृदयं रक्त कल्ल्यांकडं पाठवतात, एक बाकीच्या अंगाला, आणि पोहायला लागला की ते एक थांबतं म्हणून तो दमतो, त्याला सरपटणंच बरं वाटतं. रक्त निळं, कारण आपल्या रक्तात लोखंड तसं त्याच्यात तांबं, हे ऐकून सासूबाईंनी पाण्याच्या तांब्याकडं एकदा बघितलं, बोलल्या काही नाहीत.

चार्ट फेकून द्यायला काढला होता. पण ऑक्टोपसचा हात तुटला तर परत उगवतो हे मी बोलून गेले. काल बघते तर चार्टवर कडेला हिरव्या स्केचपेननं शेंगेएवढं काहीतरी काढलेलं. मी बोट ठेवून मोजायला लागले तर म्हणाली, "मम्मी, थांब ना. उगवायलाय अजून. उद्या मोज."