पागेचं मॉडेल: ठाणं झाली, आता छप्पर

मंडळी, पागेची एक बाजू उभी राहिली. चार ठाणं (घोड्यांचे कप्पे), मधली वाट, खोगीरखाना आणि त्याला लागून नालबंदाची खोली, एवढं आता जागेवर चिकटलं आहे. छप्पर अजून सुटंच ठेवलंय, कारण तिथेच सगळी मेख आहे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. जगातल्या देखण्या पागांचे नकाशे आणि फोटो मी जमवते. त्यातलं जे मनात भरतं ते साताऱ्याच्या हवेला आणि वाड्याच्या बांधणीला साजेल अशा रीतीने मॉडेलमध्ये उतरवते. माप एकास चोवीस, म्हणजे अर्ध्या इंचाला एक फूट. घोड्याला मोकळं सोडायचं ठाण बारा बाय बारा फुटांचं धरतात, ते माझ्याकडे सहा इंची चौकोन होतं. दार चार फूट रुंद आणि आठ फूट उंच, म्हणजे दोन इंच बाय चार इंच.

सुरुवात शांतिलीपासून झाली होती. पॅरिसच्या उत्तरेकडची ही पागा ड्यूक लुई-आन्री द बूर्बाँ याने 1719 मध्ये बांधायला घेतली. वास्तुविशारद होता झाँ ओबेर. लांबी 186 मीटर, मधला घुमट 28 मीटर उंच आणि सोय 240 घोड्यांची. पुढच्या जन्मी आपण घोडा होणार अशी ड्यूकची खात्री होती, म्हणून त्याने आपल्या इतमामाला शोभेल अशी पागा बांधली, ही आख्यायिका तुम्ही ऐकली असेलच. माझ्या मापात ती अख्खी करायची तर पावणेआठ मीटर लांब होईल आणि नुसता घुमटच जवळपास चार फुटांचा! आमच्या शाहूपुरीतल्या घरात ते शक्य नाही. म्हणून तिथली एकच गोष्ट घेतली: उंची. डोक्यावर एवढी मोकळी जागा असली की उबदार, दमट हवा वर निघून जाते.

फोटोत संगमरवर आणि झुंबरं पटकन नजरेत भरतात. पण घोडा श्वास फक्त नाकाने घेतो, त्याला तोंडाने घेता येत नाही. मुतारलेल्या गवतातून अमोनिया सुटतो, गवताची धूळ उडते आणि हे सगळं थेट त्याच्या फुप्फुसात जातं. त्यामुळे मला खरी श्रीमंत पागा ती वाटते, जिथे पहाटे दार उघडलं तरी डोळे चुरचुरत नाहीत. शांतिलीच्या जमान्यात घोडे अरुंद कप्प्यांत बांधून ठेवत. आपल्याकडेही आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोराने बांधणं, होतीच. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला अंग टाकावंच लागतं. म्हणून माझ्या पागेत बांधलेला घोडा नाही, प्रत्येकाला वळता आणि लोळता येईल असं ठाण आहे.

या टप्प्यात सगळ्यात जास्त वेळ तळाने खाल्ला. जमिनीला साठ फुटांत एक फूट उतार हवा, नाहीतर पाणी साचतं. सहा इंची ठाणात हा उतार जेमतेम अडीच मिलिमीटर भरतो. डोळ्यांना तो जाणवतही नाही, पण ड्रॉपरने थेंब सोडला की बरोबर नाल्याकडे ओघळतो. फरशीसाठी सनबोर्डावर पीओपीचा पातळ थर दिला, ओला असतानाच सुईने सांधे ओढले आणि काळ्या पाषाणाचा रंग तीन हातांत चढवला. खांब सुतारशाळेतल्या सागाच्या तुकड्यांचे आहेत, खाली तळखडा (खांबाचा बैठकीचा दगड) आणि वर सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखी निमुळती घडण. महिरपी मुद्दाम टाळल्या. कामाच्या जागेत त्या मला दरबारी वाटतात.

दोन ठाणांमधली भिंत साडेचार फुटांपर्यंत भरीव आणि वर गज. गजांना एक मिलिमीटरची तार वापरली, खऱ्यात ती साधारण इंची पाइप होते. फट एक अष्टमांश इंच, म्हणजे खऱ्यात तीन इंच. याहून रुंद ठेवली तर उसळलेल्या घोड्याचा खूर अडकू शकतो.

आता दारांबद्दल. वाईजवळ एका शेतावर मारवाडी घोडे आहेत. मालकांनी आपुलकीने टेप धरू दिली. तिथल्या प्रत्येक अर्ध्या दाराच्या वरच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकलेली होती आणि एका दाराला ती नव्हती. त्या दाराचं लाकूड अर्धगोल कुरतडलं गेलं होतं, दातांच्या खुणा स्पष्ट, कडा लाळेने गुळगुळीत झालेली. मी वाकून बघत होते तर आतली घोडी येऊन माझ्या वहीचा वास घेऊन गेली. घरी येऊन चारही दारांना पितळी पट्टी लावली. एका दाराला पट्टी न लावता कानशीने तसंच कुरतडलेलं करावं असा मोह आहे. तुमचं काय मत?

गवताची गंजी मात्र पागेपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला ठेवली आहे. हे मी परदेशी नकाशांतून घेतलेलं नाही. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीबाबतचं पत्र आठवा. दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा, आणि रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी वाचणार नाहीत, असं त्यात बजावलं आहे. आजचे तबेल्यांचे सल्लागारही गवत वेगळ्या इमारतीत ठेवा असंच सांगतात. नालबंदाची खोलीसुद्धा त्याच काळातून सुचली. महाराजांची बखर लिहिणारा सभासद सांगतो की पागेत पंचवीस बारगिरांमागे (सरकारी घोड्यावरच्या स्वारांमागे) एक पखाली, म्हणजे पाणी वाहणारा, आणि एक नालबंद असे. म्हणून दाराशी पाण्याचं दगडी टाकंही ठेवलं आहे.

घोडे अजून दोनच झालेत, तारेच्या सांगाड्यावर एम-सील. खांद्याशी अडीच इंच, म्हणजे पंधरा हात उंचीचा घोडा (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा). मानेचा बाक जमलाय, कानांवर अजून काम आहे.

पुढचं काम छपराचं. आढ्यावर सलग फट आणि तिच्यावर उचललेली टोपी, म्हणजे हवा वर जाईल आणि पाऊस आत येणार नाही. आपल्याकडचा पाऊस आडवा येतो, त्यामुळे वळचण चार फूट बाहेर काढते आहे. फ्रान्समध्ये एवढी लागत नसेल, साताऱ्यात लागतेच. कौलं पातळ पुठ्ठ्याची कापून ठेवली आहेत.

ते झालं की व्हिएन्नाचं रिंगण. स्पॅनिश रायडिंग स्कूलचं हिवाळी रिंगण 1729 ते 1735 मध्ये बांधलं गेलं. आत 55 मीटर लांब, 18 रुंद, 17 उंच, गॅलरीला 46 खांब, आणि सगळं पांढरंशुभ्र. लिपिझ्झान घोडे तिथे चालताना फक्त त्यांच्याकडेच लक्ष जावं इतकी ती जागा शांत आहे. जगातली सगळ्यात सुंदर घोड्यांची वास्तू माझ्या मते हीच. त्यासाठी माप एकास बहात्तर घेणार, म्हणजे साधारण 76 बाय 25 सेंटिमीटरमध्ये बसेल. तेवढे खांब एकसारखे कातून देणारं कोणी सांगली-मिरजेकडे माहीत असेल तर कळवा. लाकूड मी आणून देईन.