सिंक्रोत टर्बो: पुढे पळते, मागे अडते

इंजिन सुरू झालं, गाडी गॅरेजबाहेर आली, आणि पहिल्याच दिवशी मी खडीच्या चढावर रिव्हर्समध्ये अडकलो. पुढची चाकं खडी उडवत जागच्या जागी फिरतायत, मागची ढिम्म. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत बसून हे बघायला फार वाईट वाटतं. पण आधी जुनं इंजिन काढून टर्बोवालं बसवण्यात गेलेल्या चार महिन्यांचा हिशेब देतो, कारण तिथे का अडकलो याचं मूळ त्यातच आहे.

गाडी म्हणजे दुसऱ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ सिंक्रो, गोल्फचाच फोर व्हील ड्राइव्ह अवतार. हे मॉडेल १९८६ साली आलं. बाहेरून साधी चौकोनी हॅचबॅक. डिकी उघडली की तळ वर आलेला दिसतो, कारण खाली मागचं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच आहे. इंजिन आडवं, गिअरबॉक्सला लागून बेव्हल बॉक्स (ताकद काटकोनात मागे वळवणारा गिअरचा डबा), तिथून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी व्हिस्कस कपलिंग. कपलिंगच्या आत सिलिकॉन तेलात बुडालेल्या चकत्या, एक आड एक: एक पुढच्या शाफ्टची, एक मागची. पुढची चाकं घसरली की चकत्यांच्या वेगात फरक पडतो, आणि मधलं तेल कापताना जो विरोध होतो तोच मागच्या चाकांना ओढतो. ना बटण, ना कॉम्प्युटर.

जुनं इंजिन ९० अश्वशक्तीचं, आठ व्हॉल्व्हचं, १७८१ सीसी. नवं म्हणजे चौथ्या पिढीच्या गोल्फमधलं १.८ टर्बो, वीस व्हॉल्व्हचं, १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन मीटर टॉर्क. गंमत म्हणजे तेही १७८१ सीसीच. ८१ मिलिमीटर बोअर, ८६.४ मिलिमीटर स्ट्रोक, दोन्हींत सारखेच. नव्वदच्या दशकाअखेरच्या इंजिनाला मी ‘आधुनिक’ म्हणतोय याला तरुण मंडळी हसतील. हसा. फोक्सवॅगनचं अलीकडचं दोन लिटर टीएसआय टर्बो इंजिन टाकावं का, यावर दोन आठवडे घालवले. पण डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन म्हटलं की इंधनाचा वेगळा संसार आला, आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, गाडीतल्या इतर मॉड्यूलांशी गप्पा मारायच्या असतात. माझ्या गाडीत गप्पा मारायला फक्त हॉर्नचा रिले आहे. म्हणून एजीयू कोडचं इंजिन घेतलं: थ्रॉटल केबलवर चालतो, पेडलमध्ये सेन्सर नाही.

जुळणीचा भाग वाटला त्यापेक्षा सोपा गेला. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, त्यामुळे गाडीचा ०२सी गिअरबॉक्स विनातक्रार बसला. नव्या इंजिनाचं ड्युअल मास (मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं) फ्लायव्हील काढून गोल्फ जी६० या मॉडेलचं २२८ मिलिमीटरचं एकसंध फ्लायव्हील लावलं. क्रँकचा सिग्नल देणारं दातेरी चक्र, साठातले दोन दात गाळलेलं, ब्लॉकच्या आत क्रँकवरच असतं. त्यामुळे फ्लायव्हीलवरच्या खुणांचा संबंध उरत नाही. अडचण आली उजव्या फाउंडेशनला, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या रबरी आधाराला. नव्या इंजिनाच्या ०६ए ब्लॉकवर जुन्या ब्रॅकेटची भोकंच नाहीत. तयार अडॅप्टर मिळतात, मीही तेच लावलं. घरी वेल्डिंग करून फाउंडेशन बनवायचा मोह झाला होता, पण माझं वेल्डिंग अजून बागेच्या फाटकाच्या लायकीचं आहे.

आता खरी मारामारी. आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मागे, फायरवॉलकडे. नव्यात इनटेक पुढे आलं आणि टर्बो मागे गेला. इनटेक पुढे आल्यानं इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) नळ्या आखूड झाल्या, हे बरं झालं. पण टर्बोच्या तोंडातून निघणारा डाउनपाइप, म्हणजे एक्झॉस्टचा पहिला पाइप, नेमका बेव्हल बॉक्सच्या डोक्यावर उतरतो. साध्या गोल्फमध्ये तिथे मोकळी जागा असते, म्हणून पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीतली टर्बो अदलाबदल बघून अंदाज बांधाल तर फसाल. मी फसलो. तीन इंची पाइप आणून ठेवला होता. एका बाजूला बेव्हल बॉक्स, दुसऱ्या बाजूला स्टिअरिंग रॅक, खाली उजवा ड्राइव्ह शाफ्ट. पुठ्ठ्याचे साचे कापले, मग जाड तार वाकवून वाट शोधली, मग पाइपाचे तिरके काप पावासारखे जोडत गेलो. तीन इंचीचा हट्ट तिसऱ्या शनिवारी सोडला. अडीच इंची पाइप बेव्हल बॉक्सपासून जेमतेम बोटभर लांबून गेला. १५० अश्वशक्तीला तो पुरेसा आहे. तीन इंची हवाच होता तो मिरवायला.

टर्बोची तेल परत नेणारी नळी इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरपर्यंत सलग उताराची हवी, मध्ये पोट आलं तर तेल साचतं आणि टर्बोच्या सीलमधून धूर निघतो. तीही त्याच गर्दीतून न्यायची होती. दोनदा बनवली. ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटावर उष्णतारोधक पत्रा लावलाय, शिवाय पाइपाला पट्टी गुंडाळली आहे.

वायरिंगवर बोलण्यासारखं फारसं नाही. इंजिनाचा हार्नेस वेगळा ठेवला, जुन्या फ्यूजबॉक्समधून मोजक्याच तारा घेतल्या. पहिल्यांदा इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडलं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. इंधन बघू नका, इमोबिलायझर आहे तो, ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन बंद पाडणारा. ईसीयूतून काढून घेतला, गाडी चालू.

पहिल्या चक्करमध्ये पुढे जाताना सगळं झकास. दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरला की मागचा भाग किंचित बसतो आणि गाडी चारही पायांनी उडी मारते. मागे घेताना मात्र खालून ‘ठक्’. प्रत्येक वेळी, क्लच सोडल्या सोडल्या, एकच ठक्.

हे कोडं जॅकशिवायच सुटलं. बॉनेट उघडं ठेवून मित्राला ब्रेक दाबून क्लच अलगद सोडायला सांगितला. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचं डोकं फायरवॉलकडे झुकतं, बूड पुढे येतं. रिव्हर्समध्ये उलटं: डोकं पुढे, बूड मागे. बुडासोबत डाउनपाइपचं खालचं कोपरही मागे जाऊन स्टिअरिंग रॅकच्या ब्रॅकेटला टेकत होतं. मी अंतर मोजलं होतं ते इंजिन शांत उभं असताना. आता पहारीनं इंजिन दोन्ही बाजूंना ढकलून मोजतो. कोपर सहा मिलिमीटर आत घेतलं, पाइपातला फ्लेक्सचा (लवचिक जाळीचा) तुकडा वरच्या बाजूला सरकवला. ठक् गेलं.

आणि मग तो खडीचा चढ.

पहिला संशय व्हिस्कस कपलिंगवर. तीसेक वर्षांचं तेल, मेलं असेल, असं धरूनच चाललो होतो. पण या गाडीत मागे आणखी एक वस्ती आहे जी बरेच जण विसरतात: फ्रीव्हील. ब्रेक मारताना मागची चाकं पुढच्यांशी बांधलेली राहू नयेत म्हणून कपलिंग आणि मागच्या चाकांमध्ये एकदिशा क्लच बसवलाय, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. पुढे जाताना तो ताकद देतो, रिव्हर्समध्ये स्वभावतःच सुटतो. म्हणून रिव्हर्स पडला की व्हॅक्यूमवर चालणारा डबा त्याला लॉक करतो.

मागची दोन्ही चाकं उचलली, पुढच्यांना लाकडी ठोकळे लावले, गिअर घातला. आम्ही दोघांनी एकेक चाक धरून एकाच वेळी फिरवलं (एकानंच फिरवलं तर डिफरन्शियल दुसरं चाक उलटं फिरवतं आणि काहीच कळत नाही). पुढच्या दिशेनं: हलकं, टिक टिक न करता मोकळं. मागच्या दिशेनं: जड, चिकट, सगळं वजन टाकावं तेव्हा हळूहळू सरकतं, सोडलं की थांबतं. म्हणजे कपलिंग जिवंत! मग लॉकच्या डब्याला हातपंप लावून व्हॅक्यूम ओढला. आतून बारीक ‘टक्’ आलं, पंपाचा काटा जागचा हलला नाही, आणि आता पुढच्या दिशेनंही चाकं तितकीच जड. डबाही ठणठणीत.

उरली नळी. जुनी नळी तडकली होती म्हणून मी नवी लावली, थेट इनटेक मॅनिफोल्डपासून. गॅरेजमध्ये इंजिन आयडलवर असताना तपासली तेव्हा लॉक लागत होता, कारण आयडलला मॅनिफोल्डमध्ये भरपूर व्हॅक्यूम असतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम संपतो, टर्बो भरला तर उलट दाबच येतो, आणि लॉक सुटतो. नेमकी गरज असते तेव्हाच. आणि जुन्या नळीतला तो काळा प्लास्टिकचा तुकडा, वनवे व्हॉल्व्ह, मी स्वतःच्या हातांनी नळीसकट कचऱ्यात टाकला होता. ब्रेक बूस्टरच्या नळीत तो आठवणीनं ठेवला, इथे विसरलो.

नवा वनवे व्हॉल्व्ह मॅनिफोल्डजवळ बसवला, त्याच्या पुढे मुठीएवढा व्हॅक्यूमचा डबा. इंजिन बंद करून दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवून नुसता रिव्हर्स टाकला, तरी मागून ‘टक्’ ऐकू आलं. रात्रभर व्हॅक्यूम टिकला. त्याच चढावर परत गेलो. पुढची चाकं अर्धा फेरा घसरली, मागून एक ओढ आली आणि गाडी उलटी वर चढली.

बाकी कामं: चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले घ्यायचेत, कारण घेरात फरक असेल तर कपलिंग सरळ रस्त्यावरही राबत राहतं आणि तापतं. डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, न्यायची घाई नाही. न्यायची ती चारही चाकांच्या डायनोवरच, दोन रोलरवाल्यावर चुकूनही नाही. थ्रॉटल पुढे गेल्यामुळे केबल तात्पुरती जोडून लांब केली आहे, ती नीट बनवायची. आणि दीड हजार आरपीएमला डॅशबोर्ड खडखडतोय. फाउंडेशनची रबरं फार कडक घेतली बहुधा, पुढच्या रविवारी एक मऊ लावून बघतो.