अढी उघडली तो दिवस

हापूस न कापता त्याच्या पोटात साका आहे की नाही हे सांगणारं यंत्र करायचंय, असं म्हणत तीन मुलं आमच्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना उभं राहायला मदत करणाऱ्या केंद्रात आली, तेव्हा निवड समितीतले एक सदस्य जरा तिरकसच बोलले. "रत्नागिरीचेच ना तुम्ही? मग आजवर किती जण या नादाला लागले ते ऐकलंच असेल." मुलांनी ऐकलं होतं आणि तरीही ती आली होती. मला ते आवडलं.

साका म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. आंबा वरून केशरी, देठाशी घमघमणारा, दाबून पाहिलात तरी उत्तम. कापला की कोयीभोवतीचा गर पांढरट, स्पंजी, आंबूस निघतो. उष्णतेशी त्याचा मोठा संबंध आहे. काढलेलं फळ तापलेल्या जमिनीवर पडून राहिलं तर साक्याचं प्रमाण वाढतं, म्हणून जाणता बागायतदार झेल्यातून, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीतून उतरवलेला आंबा लगेच सावलीत नेतो. झाडावर फार तयार होऊ दिलेलं फळही साक्याला लवकर बळी पडतं. पण एवढी काळजी घेऊनही पेटीत चार आंबे तसे निघतातच. मग वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब येतो आणि त्यातला आकडा पाहून घरात दोन दिवस कोणी नीट बोलत नाही.

इनक्युबेटर म्हटलं की लोकांना एसी हॉल, रंगीत खुर्च्या आणि पीपीटी आठवते. आमच्याकडे तेही आहे, नाही म्हणत नाही. पण इथलं खरं काम कॅलेंडरचं असतं. केंद्र सरकारची 2021 सालची स्टार्टअप इंडिया बीज निधी योजना आहे. तिच्यात नमुना तयार करायला आणि त्याची चाचणी घ्यायला इनक्युबेटरमार्फत 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. ते एकरकमी मिळत नाही. ठरलेला टप्पा गाठायचा, अहवाल द्यायचा, मग पुढचा हप्ता. कागदावर हे अगदी रास्त आहे. आंबा मात्र मार्च ते मे एवढाच असतो. एप्रिलची चाचणी एका सहीपायी हुकली, तर पुढचा टप्पा थेट पुढच्या वर्षी. तोवर मुलं पुण्याला नोकरीला लागलेली असतात. म्हणून आम्ही समितीची बैठक आधी ओढून घेतली आणि पहिला हप्ता हंगामाआधी सोडला. पेटंटचा अर्ज केला, त्याच्या शुल्कात स्टार्टअपला 80 टक्के सूट असते. एका कॉलेजातली प्रयोगशाळा संध्याकाळपुरती मिळवली.

सगळ्यात अवघड गेलं ते आंबे मिळवणं. कापून टाकायला पेट्या कोण देणार? पावसकडचे एक बागायतदार काका तयार झाले, पण अटीवर. "आंबे माझे, भाव बाजाराचा, पैसे आधी." आमचे हिशेबनीस हैराण. आंब्यांचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा? शेवटी 'चाचणीचा कच्चा माल' असं लिहिलं आणि काकांकडून सहीची पावती नि सातबाऱ्याची प्रत घेतली.

मुलांनी प्रत्येक कच्च्या आंब्याचं वजन केलं, त्यावर मार्करने क्रमांक घातला, यंत्र लावून नोंद केली आणि आंबे पिकायला पेंढ्यात रचून अढी घातली. यंत्र म्हणजे हातात मावणारी डबी. ती इन्फ्रारेड प्रकाश आत सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून गराचा अंदाज बांधते.

अढी उघडली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. पडवीत वर्तमानपत्रं अंथरलेली, सगळीकडे घमघमाट. एक मुलगा आंबे कापायला बसला, पण त्याचा हात पाहून काकूंनी सुरी काढून घेतली. "अरे, कोयीला घासून काप. साका तिथेच असतो आणि तू तोच कोयीवर ठेवतोयस!" मग त्याच बसल्या. टीममधली मुलगी लॅपटॉपवरून क्रमांक आणि यंत्राचं मत वाचायची, काकू कापून निकाल द्यायच्या. "स्वच्छ." कापला, स्वच्छ. "साका." कापला, साका! पहिल्या तासाभरात मुलांचे चेहरे असे खुलले की काकासुद्धा आरामखुर्चीतून उठून जवळ येऊन बसले.

मग मोठी फळं आली. "स्वच्छ" म्हणताच काकू फोड उलटी करून दाखवायच्या, कोयीजवळ पांढरं. पुन्हा स्वच्छ, पुन्हा पांढरं. मुलीचा आवाज बारीक होत गेला. कारण त्यांचं त्यांनाच कळलं. साका सुरू होतो कोयीपाशी आणि जाड गराच्या फळात प्रकाश तिथवर पोचतच नाही.

जेवताना एकाने हळूच विचारलं, "मॅडम, मोठी फळं अहवालातून काढली तर? टप्पा गाठल्यासारखा दिसेल."

"वेगळी काढा, पण वगळू नका," मी म्हटलं. "वजनाप्रमाणे गट पाडा आणि प्रत्येक गटाचा निकाल लिहा."

जेवणं आटोपल्यावर त्यांनी तिथेच तक्ता केला. काकांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "मोठा आंबा मुंबईचं गिऱ्हाईक मागतं. बाहेरदेशी जातो तो लहानच की."

खरंच होतं. निर्यातीला बहुतेक 200 ते 300 ग्रॅमचं फळ चालतं. अमेरिकेचा बाजार 2007 साली उघडला, तिथे जाणाऱ्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया, म्हणजे किडीच्या बंदोबस्तासाठी किरणांचा मारा, सक्तीची आहे. एवढा खर्च, वर विमानाचं भाडं, आणि तिकडे आंबा कापल्यावर साका निघाला तर बागायतदाराच्या पट्टीपेक्षा कितीतरी मोठा फटका. म्हणजे यंत्र ज्या फळात चालत होतं, त्याच फळाला त्याची सर्वांत जास्त गरज होती. मुलं मात्र वर्षभर बागायतदारासाठी डबी बनवत होती.

मी पडवीतूनच वाशीच्या एका निर्यातदाराला फोन लावला. आमच्या मार्गदर्शकांच्या यादीत ते आहेत, पण वर्षातून एकदा भाषणाला बोलावण्यापलीकडे त्यांचा उपयोग आम्ही केला नव्हता. त्यांनी अचूकतेबद्दल एक शब्द विचारला नाही. "तासाला किती आंबे तपासता?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वेग कोणी मोजलाच नव्हता. एकेक आंबा हातात धरून, फिरवून, तीन ठिकाणी डबी लावून ते नोंद करत होते.

"तुमच्यासाठी विमान थांबत नाही हो," निर्यातदार म्हणाले. "पट्ट्यावरून फळ पुढे सरकताना सांगणार असाल तर मे संपायच्या आत या. पॅकहाऊस दाखवतो, आंबे निवडून पेट्या भरायचं काम तिथे कसं चालतं ते बघा."

समितीत यावर वाद झाला. टप्प्यात 'सर्व आकारांच्या फळांसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, तेव्हा हप्ता थांबवावा असं एका सदस्याचं म्हणणं. त्यांचं चूक नव्हतं, पैसा सरकारचा आहे. मी वजनाच्या गटांचा तक्ता पुढे ठेवला आणि टप्पा बदलून मागितला: लहान फळ, चालता पट्टा, तासाचा वेग. तिरकस बोलणारे सदस्यच शेवटी म्हणाले, "निदान कुठे चुकतं ते यांना नेमकं सांगता येतंय." मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं, पण मिळालं.

मुलं वाशीला जाऊन आली. त्यानंतर पाऊस लागला आणि हापूस संपला. आता आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुना पट्टा जोडलाय, त्यावरून दक्षिणेकडून आलेला तोतापुरी धावतो. साका तपासायला त्याचा उपयोग नाही, पण वेग मोजायला तो चालतो. कालपर्यंत दर चौथं फळ पट्ट्यावरून खाली उडी मारत होतं.