टिंबंटिंबं आणि फ्लॅट नंबर

डेटाबेसचा लॉग (त्याची नोंदवही) बघायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. घरपोच दुधाचं ॲप, ऑर्डर हळू सेव्ह होतात अशी तक्रार. लॉगमध्ये मात्र 'पासवर्ड चुकीचा' अशा ओळींची रांग, दर दोन-तीन सेकंदांना एक, अनोळखी पत्त्यांवरून. सगळे 'पोस्टग्रेस' या नावाने, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य खात्यातून, आत शिरू पाहत होते.

पण डेटाबेसचं दार, 5432 पोर्ट, तर मीच फायरवॉलने बंद केला होता! यूएफडब्ल्यूही (तीच फायरवॉल) 'डिनाय', म्हणजे मनाई, दाखवत होता. घरच्या वायफायवरून जोडून पाहिलं, तर पासवर्ड विचारला गेला. पोटात गोळाच आला. डेटाबेस डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) होता, आणि डॉकर पोर्ट उघडताना आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये, आपले नियम परस्पर घालतो. ती पॅकेटं यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाहीत. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं.

ॲप मुंबईच्या सर्व्हरवर, डेटाबेस बंगळुरूच्या. मधला रस्ता सार्वजनिक. ॲपमध्ये एसएसएलमोड (कनेक्शन एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करायचं का हे सांगणारी सेटिंग) दिलेला नव्हता, म्हणजे मूळचा 'प्रीफर': जमलं तर एन्क्रिप्शन, नाही तर गुपचूप साधं कनेक्शन. डेटाबेसवर एसएसएल बंदच होतं. टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावला. इंग्रजी सोडून बाकी प्रत्येक बाइटला तो टिंब छापतो, म्हणून ग्राहकांच्या मराठी नावांच्या जागी टिंबंच टिंबं, प्रत्येक अक्षराला आणि काना-मात्रेला तीन-तीन. क्षणभर हायसं वाटलं (मूर्खपणाच, युनिकोड म्हणजे काही कुलूप नव्हे). त्याच ओळीत इंग्रजीत विंग, फ्लॅट नंबर, मोबाइल आणि 'पिशवी दाराला अडकवा, घरी कोणी नाही'. हे वाचून मी खुर्चीवरून उठलोच.

ऑर्डर रात्री अकराला बंद होतात, वाटपाची यादी तीनला निघते. तेवढीच फट. दोन्ही सर्व्हरमध्ये वायरगार्ड (खासगी, एन्क्रिप्टेड बोगदा) टाकलं, डेटाबेसचा पोर्ट फक्त त्या खासगी पत्त्याला बांधला. डेटाबेसची ओळख पटवणारं सर्टिफिकेट स्वतःच बनवलं, पीजी-एचबीएमध्ये (कोणाला आत घ्यायचं ती फाइल) 'होस्ट'चं 'होस्टएसएसएल' केलं, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय प्रवेश नाही, ॲपमध्ये 'व्हेरिफाय-फुल', म्हणजे सर्टिफिकेट आणि त्यावरचं नाव दोन्ही तपासा. ॲप उठेना. सर्टिफिकेटवर नाव होतं, मी जोडत होतो आयपीने. दीड वाजला होता. 'रिक्वायर' लिहिलं असतं तर लगेच चाललं असतं, पण तो समोर कोण आहे हे न विचारता हात मिळवतो. होस्ट्स फाइलमध्ये (कोणतं नाव कोणत्या आयपीचं ते सांगणारी) नाव घातलं, तेच ॲपमध्ये दिलं. पीजी-स्टॅट-एसएसएलमध्ये (कनेक्शनची यादी) ॲपच्या प्रत्येक ओळीपुढे 'टी', म्हणजे एन्क्रिप्शन आहे, आला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. यादी वेळेवर निघाली.

सकाळी साडेनऊला हिशेब बघणाऱ्या काकांचा फोन. "अहो, माझं एक्सेल उघडत नाहीये. रोज आपोआप आकडे यायचे."

"काका, ते कुठून यायचे?"

"तुमच्या आधीच्या मुलाने जोडून दिलं होतं. थांबा, फाइलच पाठवतो."

फाइल व्हॉट्सॲपवर आली. कनेक्शनच्या चौकटीत 'पोस्टग्रेस', आणि त्याखाली आख्खा पासवर्ड.

"काका, ही आणखी कोणाकडे आहे?"

"ग्रुपवर टाकली होती की. सगळ्यांकडे असेल."