ट्रायलोबाइटला ॲसिड दाखवू नका

नाशिकमध्ये दगड जमवणाऱ्याचा हात झिओलाइटवर, म्हणजे लाव्हाच्या पोकळ्यांत वाढलेल्या स्फटिकांवर, आणि त्यांच्या सोबतच्या खनिजांवर बसलेला असतो. स्टिल्बाइट, हुलंडाइट, अपोफिलाइट घरी आणायचे आणि त्यांच्यावर कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडकातल्या खनिजाचा, थर असेल तर पातळ ॲसिडमध्ये ठेवून तो उतरवायचा, ही सवय अनेकांना असते. हाच हात ट्रायलोबाइटकडे, म्हणजे समुद्रात राहणाऱ्या, कधीच नामशेष झालेल्या कवचधारी प्राण्याच्या जीवाश्माकडे, वळला की घात होतो, कारण ट्रायलोबाइटचं कवच मुळात कॅल्साइटचंच. हायड्रोक्लोरिक तर सोडाच, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसानेसुद्धा त्यावर फेस येतो आणि वरची नक्षी कायमची जाते. विकत घेणं, साफ करणं, ठेवणं, सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

इथल्या डोंगरात ट्रायलोबाइट मिळेल का, हा प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो. मिळणार नाही. नाशिकचा काळा पाषाण (बेसॉल्ट) म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि ट्रायलोबाइट 25.2 कोटी वर्षांपूर्वीच समूळ संपले होते. बेसॉल्टच्या भेगेत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते ती मँगनीजची, जीवाश्म नव्हे. देवघरातला शाळिग्राम खरा जीवाश्म असतो, पण अमोनाइटचा, म्हणजे गुंडाळलेल्या शंखासारखं कवच असलेल्या प्राण्याचा, फार नंतरच्या समुद्रातला. भारतात ट्रायलोबाइट आहेत ते मुख्यतः हिमालयात. स्पितीच्या परहिओ खोऱ्यातल्या कँब्रियन (ट्रायलोबाइटच्या सुरुवातीच्या काळातल्या) खडकांतले नमुने भूवैज्ञानिक हेडनने गोळा केले आणि जीवाश्मतज्ज्ञ काउपर रीडने 1910 मध्ये त्यांचं वर्णन छापलं. ते थर अभ्यासकांच्या कामाचे आहेत. तिथे छिन्नी घेऊन जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. थराची नोंद न करता उचललेला तुकडा कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

म्हणजे घरबसल्या संग्रह करायचा तर विकत घेणं आलं. पहिला नमुना एलरेथिया किंगाई या जातीचा घ्यावा. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या हाउस रेंज डोंगरांतल्या व्हीलर शेल या चिखलापासून बनलेल्या, पापुद्र्यांच्या मऊ खडकात तो भरपूर सापडतो, वय सुमारे 50 कोटी वर्षं, लांबी साधारण एक ते चार सेंटिमीटर. स्वस्त असल्याने अख्खा बनावट करण्यात फारसा फायदा नसतो, आणि शिकायला इतका चांगला दुसरा नाही. डोकं, धड, शेपटीची ढाल आणि उभे तीन भाग नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सुटा नमुना उलटा करून बघा. पाय दिसणार नाहीत. कवचाखाली नंतर वाढलेल्या तंतुमय कॅल्साइटची जाड बैठक दिसेल. त्या बैठकीमुळेच तो शेलमधून अख्खा सुटून येतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंचे गाल गायब असतील तर नमुना तुटका समजू नका. ट्रायलोबाइट वाढताना कात टाकायचे आणि अनेक प्रकारांत डोकं त्याच शिवणींवर उघडायचं. संग्रहातले बरेचसे तुकडे अशा टाकलेल्या काती आहेत.

खरी सावधगिरी मोरोक्कोच्या मालात. अल्निफच्या आसपासचे डेव्होनियन (कँब्रियननंतरच्या) काळातले फॅकॉप्स, ड्रोटॉप्स हे ट्रायलोबाइट अप्रतिम असतात, पण तिथूनच रेझिनचे साचेही निघतात आणि अर्धे खरे, अर्धे घडवलेलेही. सराफ बाजारात मिळतं तसं दहापट भिंग घ्या आणि आधी डोळा बघा. फॅकॉप्सच्या डोळ्यात प्रत्येक भिंग सुटं असतं, मक्याच्या कणसावरच्या दाण्यांसारखं ओळीत. नकलेत तिथे गुळगुळीत फुगवटा किंवा सुईने टोचलेली वेडीवाकडी भोकं असतात. मग पृष्ठभागावर गोल, सारख्या काठाची बारीक छिद्रं शोधा. ते साच्यातले हवेचे बुडबुडे. कवच आणि भोवतालचा दगड यांचा रंग-पोत अगदी एकच असेल तर संशय घ्या. खऱ्या नमुन्यात कवचावरून गेलेली बारीक चीर दगडातही पुढे जाते. काट्यांच्या, मोठ्या नमुन्यात अशी एकही चीर नसेल तर मी घेणार नाही, कारण तो कडक चुनखडक फोडूनच जीव सापडतो आणि तुकडे परत चिकटवावे लागतात. 365 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली गोंद आणि रेझिन निळसर-पांढरे चमकतात. मात्र काही कॅल्साइटही चमकतो, म्हणून नुसती चमक बघू नका. ठळक कडांचे डाग चिरांच्या ओळीत आहेत का ते बघा. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस कोपऱ्यावर फिरवला की लावलेला रंग कापसावर उतरतो.

साफसफाईत काठिण्याचा हिशेब डोक्यात पक्का हवा. मोहसच्या 1 ते 10 या मोजपट्टीवर कॅल्साइट 3, डोलोमाइट साडेतीन ते चार, ॲल्युमिनियम ऑक्साइड 9. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये सँडब्लास्टिंगला वापरतात ती कडक पावडर कवच क्षणात खाऊन टाकते. हवेच्या दाबाने साफ करायचं असेल तर खायचा सोडा किंवा डोलोमाइटची बारीक पावडर, दाब 20 ते 30 पीएसआय, आणि तोंडाला धुळीचा मास्क. पावसाळ्यात सोडा ओलावा धरतो आणि नॉझल चोंदतं. कंप्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर ते काम दिवाळीनंतर काढा. मऊ शेलला मात्र यातलं काही लागत नाही. पिन व्हाइसमध्ये, म्हणजे सुई पकडणाऱ्या छोट्या मुठीत, पोलादी सुई बसवा आणि भिंगाखाली, कवचापासून मिलिमीटरभर दूर, दगडावर सरळ खाली दाबा. कवच आणि दगड यांच्या सांध्यावर कण आपोआप उडतो. सुई आडवी धरून कवचावर घासली की पांढरी रेघ उठते आणि ती पुसता येत नाही. काट्याखाली सुई घालून उचकटू तर अजिबात नये.

कवच भुसभुशीत असेल तर पॅरालॉइड बी-72 हे ॲसिटोनमध्ये विरघळणारं ॲक्रिलिक रेझिन वापरावं. 100 मिलि ॲसिटोनला 5 ग्रॅम. दाणे तळाशी टाकले की एकच गोळा होतो, म्हणून सुती पोटलीत बांधून काचेच्या बाटलीत रात्रभर टांगून ठेवा. दमट हवेत हे लावलं की पांढरट साय धरते: ॲसिटोन उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोरड्या दिवशी नुसत्या ॲसिटोनचा हात फिरवला की ती बहुतेक जाते.

ठेवण्यात पुन्हा ॲसिडच आडवं येतं. प्लायवूड, एमडीएफ आणि साधा पुठ्ठा यांतून आम्लाची वाफ सुटते; बंद खणात ती वर्षानुवर्षं कॅल्साइटवर काम करत राहते. पत्र्याचं कपाट किंवा झाकणाचे पॉलिप्रॉपिलीनचे डबे चांगले. पायराइट (लोह आणि गंधकाचं सोनेरी खनिज) असलेला नमुना वेगळा ठेवा. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की पायराइट सडू लागतो, त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि शेजारच्या कॅल्साइटचं जिप्सम होतं. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा सहज ओलांडला जातो. घट्ट डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवा, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. पिवळसर-पांढरी भुकटी दिसली तर पाण्याने धुऊ नका; कोरड्या ब्रशने झाडा आणि तो नमुना लगेच बाकीच्यांपासून दूर करा.

लेबलवर जात, थराचं नाव, ठिकाण, वय, कुणाकडून घेतला आणि कुठे दुरुस्ती आहे एवढं हवंच. कागद सुटून हरवतो. म्हणून दगडाच्या मागच्या बाजूला, कवचापासून दूर, पॅरालॉइडचा छोटा थर द्या, तो वाळला की त्यावर काळ्या शाईने क्रमांक घाला आणि वरून आणखी एक थर द्या.